सहा तासांच्या हौशी रेससाठी जुनी एस्टीम आणि टीम कशी तयार करायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. निपाणीचे चार मित्र, केए-23 पासिंगची जुनी मारुती एस्टीम हातात आहे, पुढच्या हिवाळ्यात कोइमतूर नाहीतर चेन्नईच्या ट्रॅकवर सहा तासांची हौशी एंड्युरन्स रेस मिळाली तर पळायची आहे, पैसे बेताचेच आहेत. विचारलंय की आधी इंजिनचं काम काढायचं का सस्पेन्शनचं, आणि टीमला माणसं किती लागतात. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशिन शॉप चालवतो, रेसच्या गाड्या तयार करणं आणि पिटमध्ये, म्हणजे रेस चालू असताना गाडी आत घेऊन काम करतात तिथं, उभं राहणं हे बरीच वर्षं करत आलोय, म्हणून जरा लांबवर लिहितो, घाईनं वाचू नका.

आधी इंजिन का सस्पेन्शन, तर दोन्ही नको. पॉवर वाढवायचा विषयच सध्या बाजूला ठेवा. हिशेब मांडतो बघा. कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे 2.1 किलोमीटरचा आहे, तिथं तुमच्या एस्टीमची लॅप, म्हणजे ट्रॅकची एक फेरी, समजा 80 सेकंदांत बसली (कमी-जास्त होईल, हिशेबापुरतं धरा), तर सहा तासांत 270 लॅप होतात. आता इंजिनवर पैसा घालून लॅपला अख्खा एक सेकंद काढला, आणि एक सेकंद काढणं काय सोपं नसतंय, तरी सहा तासांची कमाई किती, तर 270 सेकंद म्हणजे साडेचार मिनिटं. आणि रेडिएटरचा एक होज सुटून गाडी आत आली की पाच मिनिटं गेलीच, कारण उकळत्या इंजिनला हात लावायलाच आधी थांबावं लागतंय. म्हणजे सहा तासांची कमाई एका क्लिपपायी गेली, वर पॉवर वाढवल्यामुळं उष्णता वाढली ती वेगळीच.

अजून एक बघा. 270 लॅप म्हणजे 567 किलोमीटर, बेळगावहून बेंगळुरू गाठून पुढं जाण्याइतकं अंतर, आणि तेही बरंचसं फुल थ्रॉटलवर. लॅपला पाच जोरदार ब्रेक धरले तर 1350 वेळा ब्रेक. घरची गाडी एवढे कडक ब्रेक वर्षभरात मारत नाही. त्यामुळं तुमचं काम एकच, ही गाडी सहा तास ठरल्याशिवाय थांबू द्यायची नाही, आणि ठरवून थांबली की पटकन सोडायची. सगळा पैसा, सगळ्या संध्याकाळी त्यातच घाला.

अमेरिकेत 2006 पासून 24 अवर्स ऑफ लेमन्स नावाची हौशी मालिका चालते, तिचा मूळ नियम असा की गाडी 500 डॉलरच्या आतली पाहिजे. पण रोल केज (गाडी उलटली तर ड्रायव्हरला वाचवणारा आतला पाइपांचा सांगाडा), सीट, बेल्ट, ब्रेक, टायर यांचा खर्च त्या 500 मध्ये धरत नाहीत. स्वस्त गाड्यांचीच रेस भरवणाऱ्यांनी सुद्धा या गोष्टींत काटकसर नको म्हणून ठरवून टाकलं, हे ध्यानात घ्या आणि तुमचं बजेट मांडताना सगळ्यात आधी हेच आकडे लिहा, उरलं तर बाकीचं.

केजपासून सुरुवात करू. आपल्याकडं ग्रिल-गेट करणारे फॅब्रिकेटर गल्लोगल्ली आहेत आणि कोणीतरी तुम्हाला सांगणारच की दोन दिवसांत केज करून देतो. त्यांच्याकडचा पाइप ईआरडब्ल्यू असतोय, शिवणीचा, तो घ्यायचा नाही. एफआयए म्हणजे मोटर रेसिंगची जागतिक संस्था, तिच्या नियमात कोल्ड ड्रॉन सीमलेस, म्हणजे थंड ओढलेलं बिनशिवणीचं कार्बन स्टील लागतंय, मेन हूप म्हणजे ड्रायव्हरमागची मोठी कमान 45 बाय 2.5 मिलिमीटर (व्यास बाय जाडी) किंवा 50 बाय 2, बाकीचे पाइप 38 बाय 2.5 किंवा 40 बाय 2. बेळगावात हायड्रॉलिक सिलिंडरची कामं एवढी चालतात की सीडीएस, म्हणजे हाच कोल्ड ड्रॉन सीमलेस पाइप म्हटलं की उद्यमबागातला कोणीही डीलर दाखवेल, फक्त होनिंग केलेला, आतून घासून गुळगुळीत केलेला महाग पाइप घेऊ नका आणि टेस्ट सर्टिफिकेट मागून घ्या. पाइप थंडच वाकवायचा, बेंडिंग मशिनवर, वाळू भरून गॅसनं लाल करून वाकवलेला चालत नाही. वाकाची त्रिज्या पाइपच्या व्यासाच्या तिप्पट तरी पाहिजे, आतल्या बाजूला सुरकुती आली तर तो तुकडा बाजूला टाका. पाय जिथं बॉडीला टेकतात तिथं किमान 3 मिलिमीटर जाडीची आणि 120 चौरस सेंटिमीटरची प्लेट, आणि ती लावायच्या आधी खालचा पत्रा खरवडून बघा. आपल्याकडं पाऊस किती पडतोय ते तुम्हाला माहीत आहे, जुन्या एस्टीमचे फ्लोअर आणि दाराखालचे सिल टारच्या थराखाली कुजलेले असतात, वरून छान दिसतंय आणि स्क्रू ड्रायव्हर टोचला की आरपार. कुजक्या पत्र्यावर केजचा काही उपयोग नाही, आधी पत्रा बदला.

वेल्डरला एक सांगायचं, पाइपला पूर्ण गोल वेल्ड पाहिजे, वरच्या बाजूला छताजवळ टॉर्च पोचत नाही म्हणून तिथं सोडून द्यायचं नाही. केज थोडा खाली उतरवून वरचे जोड करतात आणि मग पाय प्लेटवर बसवतात, ज्याला हे माहीत आहे तोच वेल्डर धरा.

सीट, बेल्ट, हेल्मेट हे सेकंडहँड घ्यायचा मोह होईल. रेसच्या सीटला आणि बेल्टला मुदत असते, लेबलवर छापलेली असते, मुदत संपलेली वस्तू स्क्रूटिनीत, म्हणजे रेसआधीच्या तपासणीत, बाद होते आणि व्हायलाच पाहिजे. सहा पॉइंटचा हार्नेस, हान्स म्हणजे धडकेत मान सांभाळणारं उपकरण, आग न पकडणारे कपडे, आतली बनियन सुद्धा फायरप्रूफ कापडाची, नायलॉन-पॉलिस्टरचं काही अंगाला लागू द्यायचं नाही कारण ते वितळून कातडीला चिकटतंय. खांद्याचे पट्टे मागं जाताना जवळपास आडवे जायला पाहिजेत, खाली उतार 20 अंशापेक्षा जास्त झाला तर धडकेत मणक्यावर दाब येतोय. तुमच्यात एक जण सहा फुटाचा आणि एक साडेपाचचा असेल तर सीट उंच माणसाच्या मापानं पक्की बसवा आणि बुटक्यासाठी फोमचा इन्सर्ट करून घ्या, फायरप्रूफ कापडाच्या खोळीत. स्लायडरवर रेस सीट ठेवू नका.

किल स्विच, म्हणजे गाडीची सगळी वीज एकदम तोडणारा स्विच, बसवताना एक चूक सर्रास दिसते. नुसती बॅटरी तोडली तर चालू इंजिनचा अल्टरनेटर करंट देतच राहतोय आणि इंजिन बंदच होत नाही. अल्टरनेटरला सुद्धा तोडणारा स्विच घ्या आणि इंजिन चालू ठेवून तपासा.

आता ब्रेक. साध्या डॉट 4 ब्रेक ऑइलचा उकळबिंदू नवं असताना किमान 230 अंश असतोय, पण हे ऑइल हवेतलं पाणी ओढतंय, आणि साधारण पावणेचार टक्के पाणी शिरलं की तोच आकडा 155 वर येऊ शकतो. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवेत एवढी ओल असते की पावसाळ्यात फोडलेली बाटली हिवाळ्यात वापरायची नाही, अर्धी उरली तरी टाकून द्यायची. रेसचं ऑइल 300 च्या वरचं मिळतंय, ते घ्या, रेसच्या आदल्या दिवशी सील फोडा. पॅड रेस कंपाउंडचे. किती टिकतील हे अंदाजानं सांगायचं नाही, मोजायचं. प्रॅक्टिसच्या आधी व्हर्निअरनं जाडी मोजा, तासभर पळवा, परत मोजा. समजा 10 चे 8.8 झाले, म्हणजे तासाला 1.2, सहा तासांना 7.2, शेवटाला 2.8 उरणार, तेवढ्या पातळ पॅडवर उष्णता सरळ पिस्टनला जाते. म्हणजे मधल्या एका स्टॉपला पॅड बदलायचा प्लॅन आधीच करायचा आणि त्याचा सराव करायचा. पॅड संपल्यावर धावाधाव करणारी टीम आणि मोजून बदलणारी टीम यांच्यात पंधरा-वीस मिनिटांचा फरक सहज पडतोय. पुढच्या डिस्कवर हवा नेणारे पाइप घाला, त्या डिस्कच्या मागचा पत्र्याचा डस्ट शील्ड काढा. आणि पिटमध्ये गरम गाडीला हँडब्रेक ओढू नका, लायनिंग ड्रमला चिकटते, चाकाखाली लाकडी ठोकळा लावा.

थंड ठेवायचा भाग हा एस्टीमचा जीव आहे. तिच्या जी-13 इंजिनचा ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे, एकदा जास्त तापलं की हेड वाकलं आणि गॅस्केट गेलं, मग रेस संपली. रेडिएटरला नवीन कोअर, सगळे होज नवे, क्लिपा नव्या, वॉटर पंप आणि टायमिंग बेल्ट नवा. त्यानंतर एक फुकटचं काम, रेडिएटरच्या चारी बाजूंच्या फटी ॲल्युमिनियमच्या पत्र्यानं आणि रबरानं बंद करा. हवा सोपी वाट शोधते, फट असली की कोअरमधून न जाता बाजूनं जाते. आणि बॉनेट मागून काचेजवळ वॉशर घालून उचलून ठेवतात, ते करू नका, वेगात काचेच्या पायाशी हवेचा दाब जास्त असतोय, तिथून गरम हवा बाहेर यायच्या ऐवजी बाहेरची हवाच आत घुसते. सिस्टममध्ये साधं पाणी आणि गंज न येणारं अ‍ॅडिटिव्ह, हिरवं कूलंट बऱ्याच ट्रॅकवर चालत नाही कारण ते रस्त्यावर सांडलं तर मागच्या गाड्या घसरतात.

टेम्परेचरच्या काट्यावर मात्र आंधळा विश्वास ठेवू नका. पाणी पूर्ण निघून गेलं की सेन्सर नुसत्या वाफेत लटकतोय आणि काटा खाली येतो, ड्रायव्हरला वाटतंय बरं झालं गार झालं, आणि दोन लॅपमध्ये इंजिन जाम. म्हणून पाण्याच्या दाबाचा स्विच आणि एक मोठा लाल दिवा. तसंच ऑइलचं. कंपनीचा ऑइल स्विच एवढ्या कमी दाबाला पेटतोय की तो पेटेपर्यंत बेअरिंग गेलेली असतात. 20 पीएसआयच्या आसपास पेटणारा स्विच लावा, दिवा ड्रायव्हरच्या अगदी डोळ्यासमोर, मुठीएवढा मोठा झाला तरी चालेल, आणि नियम एकच, लाल दिवा दिसला की क्लच दाबून इंजिन बंद, कोणाला विचारायचं नाही. ऑइल सम्पमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यात, आडवे पत्रे वेल्ड करून घ्या म्हणजे लांब वळणात ऑइल एका बाजूला पळून ऑइल ओढणारा पिकअप कोरडा पडत नाही. गिअर रेडलाइनच्या 700-800 आरपीएम खाली टाका, लॅपला थोडकं जातंय पण इंजिनवरचा ताण बराच उतरतोय.

इंजिनची चिंता एवढ्यासाठीही करू नका की जिप्सी किंगचं 1298 सीसीचं इंजिन याच घराण्यातलं आहे. बेळगाव लष्कराचं गाव, जिप्सी इथं जन्मभर बघितलेली, त्यामुळं या इंजिनचे पार्ट ओळखणारे आणि डोळे झाकून खोलणारे वयस्कर मेकॅनिक कॅम्पापासून खानापूर रोडपर्यंत अजून सापडतात. त्यातला एक जण टीममध्ये घ्या. फक्त पळत्या गाडीचं कॉम्प्रेशन चारी सिलिंडरला सारखं असेल तर इंजिन उगाच उघडू नका.

हब आणि बेअरिंग. पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलं तर ते प्रेसवर दाबून बसवावं लागतंय, आणि पिटमध्ये प्रेस नसतोय. म्हणून बेअरिंग सुटं घेऊन जायचंच नाही, अख्खा नकल, म्हणजे चाकाचा हब धरणारा भाग, नवीन बेअरिंग आणि हब दाबून बसवलेला असा डाव्या-उजव्याचा एकेक तयार न्यायचा. कॅलिपर, स्ट्रटचे बोल्ट, बॉल जॉइंट, टाय रॉड, एक्सल नट सोडला की पूर्ण सेट बदलता येतोय. ड्राइव्ह शाफ्टचंही तसंच, सीव्ही जॉइंट बूटासकट पूर्ण शाफ्ट. चाकाचे स्टड सगळे नवे ठोका, जुन्या स्टडवर कोणी किती वर्षं इम्पॅक्ट गन मारलीय ते तुम्हाला माहीत नसतंय. गन काढायला ठीक आहे, लावताना शेवटचा कस टॉर्क रेंचनंच, मॅन्युअलमधल्या आकड्याला.

टायरबद्दल थोडकंच. घड्याळाच्या दिशेनं पळणाऱ्या ट्रॅकवर उजवी वळणं जास्त, सगळा भार डाव्या पुढच्या टायरवर, त्यात एस्टीम पुढच्या चाकानं ओढणारी, त्यामुळं तो पहिला संपणार, तिथल्यासाठी जादा टायर रिमवर चढवून ठेवा. प्रेशर गरम असताना मोजून लिहा. अलाइनमेंट दोरी बांधून घरी करता येते.

आता ते काम, ज्याला खर्च काही नाही आणि जे सगळ्यात जास्त टाळलं जातं. नट-बोल्ट. गाडी तयार झाली की दोन संध्याकाळी राखून ठेवा, शेडमध्ये दोघंच, बाकीच्यांना घरी पाठवा, मोबाइल बाजूला. एकाच्या हातात कागद, त्यावर पुढून मागंपर्यंत प्रत्येक बोल्ट लिहिलेला, कॅलिपर, बॉल जॉइंट, कंट्रोल आर्म, इंजिन माउंट, स्टिअरिंग रॅक, सीटचे, बेल्टचे. तो वाचतो, दुसरा टॉर्क रेंच लावतो, क्लिक झालं की "झाला" म्हणतो आणि पांढऱ्या पेंट मार्करनं नटापासून पत्र्यापर्यंत एक सरळ रेघ ओढतो. रेघ ओढली तरच कागदावर टिक. चहा प्यायला उठायचं असेल तर चालू बोल्ट पुरा करूनच उठायचं. नायलॉन लॉकनट एकदा सोडला की परत लावायचा नाही, स्प्लिट पिन नवीन. याचा फायदा रेसमध्ये कळतोय. गाडी आत आली, पेट्रोल भरून झालं की एक जण टॉर्च घेऊन वाकतो आणि नुसत्या रेघा बघत जातो. रेघ तुटलेली दिसली म्हणजे नट फिरलाय, स्पॅनर न लावता दहा सेकंदांत कळतंय. प्रॅक्टिसनंतर परत एकदा सगळं तपासा, नवीन रंगाचा थर चेपून कितीतरी बोल्ट पहिल्या गरमीला सैल होतात.

पेट्रोल आणि स्टॉप यांचा हिशेब एकत्र करा. रेसमध्ये एस्टीम लिटरला 6 किलोमीटर देते असं धरून चला, नेमका आकडा प्रॅक्टिसमध्ये काढा. वरच्या हिशेबानं ताशी 94-95 किलोमीटर होतात, म्हणजे तासाला साधारण 16 लिटर. टाकी 40 लिटरची धरली तरी शेवटचं पाव टाकी पेट्रोल वळणात पंपापासून बाजूला पळतंय आणि इंजिन अडखळतंय. बरेच जण त्यासाठी स्वर्ल पॉट (पेट्रोलची छोटी जादा टाकी), जादा पंप बसवतात, तुम्ही त्या भानगडीत पडू नका. चार ड्रायव्हर आहात, दीड-दीड तास वाटून घ्या, तीन स्टॉप होतात, दर स्टिंटला, म्हणजे एका ड्रायव्हरच्या पाळीला, 24 लिटर लागतात, टाकी कधी पाव भागाच्या खाली जातच नाही. दोन-दोन तास बसवून एक स्टॉप वाचवायचा विचार कोणीतरी मांडेल, त्याला नाही म्हणा. कोइमतूर-चेन्नईच्या उन्हात फायरसूट, आत पन्नासच्या वर तापमान, दीड तासानंतर माणसाचं डोकं मंद होतंय, आणि गाड्या ठोकल्या जातात त्या अशाच वेळी.

बहुतेक हौशी रेसमध्ये पेट्रोल भरताना इंजिन बंद आणि ड्रायव्हर बाहेर असा नियम असतो. नसला तरी तुम्ही पाळा. भरणारे दोघंही पूर्ण फायरसूट आणि हेल्मेटमध्ये, तिसरा एक्स्टिंग्विशर हातात घेऊन, पिन काढून, नोझल गाडीकडं धरून उभा, त्यानं दुसरं कुठलंही काम करायचं नाही, काच सुद्धा पुसायची नाही. तोपर्यंत मेकॅनिकनं गाडीला हात लावायचा नाही. गरम डिस्कपासून कॅन लांब.

ड्रायव्हर बदलण्याचा सराव घरी करा, त्याला ट्रॅक लागत नाही. गाडी शेडमध्ये ढकलत आणायची, स्टॉपवॉच सुरू. उतरणारा गाडी थांबल्यावर खांद्याचे पट्टे पूर्ण सैल करतो, बकल उघडतो, रेडिओची पिन काढतो, बाहेर पडताना पट्टे केजवर बाहेरच्या बाजूला टाकतो म्हणजे पुढचा त्यावर बसत नाही. मग तोच नव्या ड्रायव्हरचा मदतनीस होतो, कारण आतली गोष्ट त्याला ताजी माहीत असते. नवा बसला की आधी कमरेचे पट्टे, खाली हाडावर, पोटावर नव्हे, ते ओढून घट्ट, मग पायामधले, मग हान्सवरून खांद्याचे. हा क्रम बदलायचा नाही, आधी खांद्याचे ओढले तर कमरेचा पट्टा वर सरकून पोटावर येतो. रेडिओ, पाण्याची नळी, खिडकीची जाळी, अंगठा वर. पहिल्यांदा चार-पाच मिनिटं लागतील आणि चिडचिड होईल, रोज संध्याकाळी केलं की दोन मिनिटांच्या आत येतंय. लक्षात घ्या, तीन स्टॉपला प्रत्येकी दीड मिनिट वाचलं तर ती पण साडेचार मिनिटंच झाली, जेवढी इंजिनवर पैसा घालून मिळणार होती तेवढीच.

माणसं किती, तर चार ड्रायव्हर सोडून किमान सहा जण. दोन मेकॅनिक, दोन पेट्रोलचे, एक आगीचा, आणि एक कॅप्टन. कॅप्टननं गाडी चालवायची नाही हे माझं ठाम मत आहे. चालवणाऱ्याला आपला स्टिंट लांबावा असंच वाटतंय, निर्णय त्याच्याकडं नको. गाडी आत बोलवायची का नाही, कोणाला उतरवायचं, हे एकच माणूस बोलणार आणि बाकीचे ऐकणार, मित्र असला तरी, वयानं मोठा असला तरी. शक्य झालं तर वहीवाला सातवा घ्या, शांत डोक्याचा, जो प्रत्येक लॅपचा टाइम, पेट्रोल, टायर प्रेशर लिहित बसेल. तुमच्या कोणाची बहीण, वहिनी अकाउंट्समध्ये काम करत असेल तर विचारा, आकड्यांची सवय असलेलं माणूस या जागेला मेकॅनिकपेक्षा उपयोगी पडतंय. नाहीच मिळालं तर वही कॅप्टनकडं. रेडिओ ऐनवेळी बंद पडतो, म्हणून पिट बोर्ड (पिटमधून ड्रायव्हरला दाखवायची पाटी) आणि हाताच्या खुणा आधी ठरवून ठेवा.

ड्रायव्हिंगची तयारी तवंदी घाटात किंवा चोर्ल्याला करायची नाही, हायवेवर तर नाहीच. हे तोंडदेखलं सांगत नाही, रस्त्यावर शिकलेलं ट्रॅकवर उपयोगाला येत नाही आणि रस्त्यावर तुमच्याबरोबर दुसऱ्याचं लेकरू असतंय. निपाणीहून कोल्हापूर हाकेच्या अंतरावर आहे, तिथं मोहित्यांच्या अकॅडमीचा कार्टिंग ट्रॅक आहे, चौघं जाऊन लागोपाठ लॅप मारा. सगळ्यात फास्ट लॅप कोणाची ते बघू नका. प्रत्येकाच्या सलग दहा लॅप लिहा आणि सगळ्यात चांगली नि सगळ्यात वाईट यांच्यातला फरक बघा. ज्याचा फरक कमी, तो तुमचा पहिला ड्रायव्हर, कारण सुरुवातीच्या गर्दीत गाडी धड परत आणणारा माणूस लागतो. झेंड्यांचे अर्थ पाठ करा, पिवळ्या झेंड्याखाली ओव्हरटेक केलं की शिक्षा, निळा म्हणजे मागून फास्ट गाडी येतेय, तिला बघून आपली लाइन धरा, एकदम आडवं होऊ नका. कर्बवर, म्हणजे वळणाच्या कडेच्या उंचवट्यावर, चाकं आपटू नका, त्या नकलचं आणि बेअरिंगचं आयुष्य तिथं जातंय. एफएमएससीआय, म्हणजे भारतातल्या मोटर रेसिंगच्या संस्थेचं लायसन्स आणि त्यासाठीची मेडिकल तपासणी वेळेत करून घ्या.

खाण्यापिण्याची जबाबदारी एकाकडं द्या. स्टिंटच्या दोन तास आधी दहीभात, केळी, जड मटण-भाकरी नाही. मीठ घातलेलं कोकम सरबत किंवा ओआरएस आदल्या दिवसापासूनच घोट घोट, नुसतं पाणी आणि चहा यावर राहिलेला ड्रायव्हर तासाभरात पायात गोळे आले म्हणतोय. उतरलेल्या ड्रायव्हरला लगेच सावलीत बसवा, मानेवर ओला टॉवेल, आणि अर्धा तास त्याच्यावर दुसरं काम टाकू नका.

कामाचा क्रम असा धरा. पावसाळा बॉडी, पत्रा आणि केजला द्या, तेव्हा तशीही बाहेर पळवता येत नाही. गणपती झाले की ब्रेक, हब, कूलिंग, वायरिंग. दिवाळीच्या आसपास ओळखीच्या कारखान्याच्या सिमेंटच्या मोकळ्या अंगणात, परवानगी काढून, सुट्टीच्या दिवशी आठाच्या आकड्यात गाडी फिरवा, दोन्ही बाजूंना लांब वळणं घेताना ऑइलचा दिवा लुकलुकतो का, पेट्रोल तुटतं का बघा. मग ट्रॅक डे, म्हणजे रेस नसताना ट्रॅकवर गाडी पळवायचा दिवस, एका दमात दीड तास, म्हणजे खरा स्टिंट. त्यात जे तुटेल ते दुरुस्त करा आणि शेवटचे पंधरा दिवस गाडीला नवीन काही लावू नका, कितीही चांगला पार्ट स्वस्तात मिळाला तरी. गाडी ट्रकवरूनच न्या, निपाणीहून कोइमतूर आठशे किलोमीटरच्या पुढं आहे, रेसच्या बेअरिंगनं आणि टायरनं ते अंतर रस्त्यावर कापायचं नाही, आणि चेकपोस्टसाठी आरसी, मालकाचं पत्र ट्रक ड्रायव्हरजवळ ठेवा.

पण हे सगळं सुरू करायच्या आधी ज्या रेसला जाणार तिचं रूलबुक मिळवा. मी वर दिलेली मापं एफआयएची आहेत, आयोजकांनी वेगळं काही लिहिलं असेल तर त्यांचंच खरं. केजचं साधं हातानं काढलेलं ड्रॉइंग, पाइपच्या सर्टिफिकेटचा फोटो आणि कुजलेल्या फ्लोअरवर काय करणार ते त्यांच्या स्क्रूटिनीवाल्यांना पाठवून द्या, लेखी होकार आला की मगच पाइप कापायला घ्या.